ब्रेकमागचे पत्रे

"दोन तासांचं काम! दोन तासपण जास्तच झाले," दातांचे डॉक्टर बाह्या सरसावत बायकोला म्हणाले. "अगं, काढणं हाच माझा धंदा आहे! अक्कलदाढा उपटणाऱ्या माणसाला पत्र्याचं काय कौतुक?"

रविवारी शहराबाहेरच्या रेसिंग ट्रॅकवर हौशी लोकांना आपापली गाडी पळवायला मिळणार होती. डॉक्टरांचा नंबर दोन वर्षांनी लागला होता. सारखा ब्रेक मारून चाकातली डिस्क लालबुंद होते, हे त्यांनी व्हिडिओत पाहिलं होतं. डिस्कच्या मागे धूळ अडवायला पातळ पत्रा असतो. तो काढला की वारा थेट आत जातो आणि ब्रेक थंड राहतात. एवढीच गोष्ट!

शनिवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये काम सुरू झालं. डावं चाक निघालं, डिस्क निघाली, तीन बोल्ट निघाले, पत्रा हातात आला. डॉक्टर शीळ घालू लागले. मग उजवीकडे दोन बोल्ट निघाले आणि तिसऱ्याने मान तुकवायला साफ नकार दिला. डॉक्टरांनी पाना लावला, जोर लावला, शेवटी पाय लावला. कर्रर्र! बोल्ट जागच्या जागी, पण त्याचं षटकोनी डोकं घासून लाडवासारखं गोल!

वर घरात त्यांच्या सासूबाईंचा फोन आला.

"जावई काय करताहेत गं?"

"खाली आहे. ब्रेकमागचे पत्रे काढतोय," बायको म्हणाली. नेमका तेव्हाच मिक्सर चालू होता.

"काय? ब्रेक काढताहेत?"

"हो हो, उद्या ट्रॅकवर जायचंय ना!"

सासूबाईंनी फोन ठेवला आणि हंबरडाच फोडला. "अहो, ऐकलंत का? उद्या शर्यत आहे आणि जावयांनी गाडीचे ब्रेक काढून टाकलेत!"

हे ऐकणारे सासरे म्हणजे बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. ब्रेक हा त्यांच्या श्रद्धेचा विषय होता. जावई गाडी जरा जोरात चालवतात, हे त्यांच्या मनात लग्नापासून सलत होतं. ते तडक उठले, कोठीतले दोन लाकडी ठोकळे काखेत मारले आणि निघाले.

तोवर बातमी इमारतीतही पोहोचली होती, कारण बायकोचं बोलणं जिन्यातून जाणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी अर्धवट ऐकलं होतं. त्यांनी फाटकावर सुवाच्य अक्षरात कागद चिकटवला : 'सावधान! खालील गाडीस ब्रेक नाहीत.' पाच मिनिटांत शेजारच्या सगळ्या गाड्या हलल्या. दहाव्या मिनिटाला डॉक्टरांच्या एका पेशंटचा फोन आला.

"डॉक्टर, माझी सोमवारची दाढ राहू द्या."

"का हो? दुखायची थांबली?"

"दुखतेय. पण तुम्ही हल्ली चांगल्या वस्तूसुद्धा काढून टाकता म्हणे!"

डॉक्टर तोंड उघडणार तेवढ्यात सासरे हजर. त्यांनी मागच्या चाकांना दोन्ही ठोकळे लावले आणि स्वतः बॉनेटला टेकून उभे राहिले.

"जावईबापू, माझ्या मुलीची शपथ आहे. ही गाडी इथून हलणार नाही."

"बाबा, ती हलूच शकत नाही! दोन चाकं तुमच्या पायाशी पडली आहेत!"

सासऱ्यांनी खाली पाहिलं. चाकं खरंच पडली होती. डॉक्टरांनी घाम पुसत सगळं समजावलं : ब्रेक शाबूत आहेत, फक्त मागचा पत्रा काढायचा आहे, आणि एका बोल्टने अब्रू घालवली आहे.

सासरे वाकले. गोल झालेलं डोकं त्यांनी बोटाने चाचपलं आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"ह्याला ओढलंत? असा तो येतो होय? आधी तेल सोडा. पंधरा मिनिटं ह्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

पंधरा मिनिटं दोघं पायरीवर बसले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण दोघं एवढा वेळ शेजारी कधी बसले नव्हते. मग सासऱ्यांनी एका नंबरने लहान पाना हातोडीने ठोकून बसवला, बोल्ट आधी किंचित आवळला आणि मग सोडला. टक्! निघाला!

"बाबा!" डॉक्टरांनी त्यांना मिठीच मारली. दोघांचे शर्ट काळे झाले.

डिस्क आणि चाकं परत बसवल्यावर सासऱ्यांनी ब्रेक दहा वेळा दाबून पाहिला. "पत्रे फेकू नका. ट्रॅक झाला की परत लावायचे. रस्त्यावर खडे उडतात. आणि उद्या मी सोबत येणार."

रविवारी डॉक्टर हेल्मेट घालून निघाले तेव्हा त्यांची छाती दोन इंच फुगली होती. शेजारी सासरे. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय रिकाम्या जमिनीवर ब्रेक दाबत होता. पाच फेऱ्या मारून डॉक्टर विजयी मुद्रेने परतले. तिथल्या प्रशिक्षिकेने तापमान मोजायचं यंत्र चाकापुढे धरलं.

"पत्रे काढलेत वाटतं?"

"हो! थंड राहिलेत ना ब्रेक?" डॉक्टर उतावीळपणे म्हणाले.

"कोमट आहेत," ती म्हणाली. "या वेगाला पत्रे असते तरी चाललं असतं. चाकाला गोधडी गुंडाळली असती तरी चाललं असतं!"

डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. सासरे मात्र ट्रॅककडे एकटक बघत होते.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "मी चालवून बघू का?"

"तुम्ही?"

"बत्तीस वर्षं माझ्या मागे पन्नास माणसं बसलेली असायची हो. आज मागे कोणीच नाही."

डॉक्टरांनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. शेजारी प्रशिक्षिका बसली आणि गाडी सुटली. पहिली फेरी सभ्यपणे झाली. दुसऱ्या फेरीत सासऱ्यांनी वळण असं काही कापलं, की कठड्यापाशी उभे असलेले डॉक्टर ओरडले, "बाबा, सांभाळून!" तिसऱ्या फेरीला तर लोक टाळ्या वाजवत होते. गाडी परतली तेव्हा चाकांतून गरम वास येत होता. प्रशिक्षिका उतरली, यंत्रातला आकडा बघून हसली आणि म्हणाली, "आता पत्रे काढल्याचा उपयोग झाला!"

सासऱ्यांनी हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, डोळे चमकत होते. "जावईबापू, पुढची तारीख कधीची हो?"

डॉक्टर उत्साहाने नावनोंदणीच्या टेबलाकडे धावले. प्रशिक्षिकेने गाडीतूनच कळवल्यामुळे टेबलामागच्या बाईंनी आधीच कागद भरून ठेवला होता. चालक या रकान्यात सासऱ्यांचं नाव होतं. डॉक्टरांनी आपलं नाव वर शोधलं, खाली शोधलं. ते शेवटी सापडलं.

'मदतनीस' या रकान्यात, आणि कंसात : 'चाके काढता येतात.'