शांतवन गाढवाला पाठवलेले डबे

एका जंगलात, पोरांनो, सगळे प्राणी फार चांगले होते. दर रविवारी जमून ते एकमेकांना तसं सांगत. आता नीट बसा. मध्ये मध्ये "म्हणजे कसं?" विचारू नका. कळेल.

रविवारी जमणाऱ्या या प्राण्यांना मंडळी म्हणत. मंडळीचा पाळक होता एक अस्वल. त्याचा उपदेश लांबला की त्याला स्वतःलाच डुलकी लागायची. एका रविवारी डुलकी लागायच्या आधी तो म्हणाला, "समुद्रापलीकडं एक बेट आहे. तिथली माकडं फार दुःखात आहेत. आपल्यातलं कुणीतरी सेवेला जायला हवं."

सगळ्यांच्या माना खाली. हरणाचे गुडघे दुखत होते. मोराला खारी हवा सोसत नव्हती. कोल्ह्याकडं पाहुणे येणार होते, कधी ते ठरलं नव्हतं. शांतवन गाढवाला पटकन काही सुचलं नाही. तेव्हा त्यालाच देवाचं पाचारण झालं आहे, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

शांतवन गेला. रडला नाही, की मिरवलाही नाही. तराफ्यावर उभा राहिला आणि गेला.

बेटावर पोचल्यावर त्याला दिसलं की सगळ्या माकडांना खरूज झाली आहे. बसतील तिथं खाजवत. त्यांना वाटायचं, माकड म्हटलं की खाजवायचंच. तान्हाआजी नावाची एक म्हातारी माकडीण होती. तिची नात सोनकी. सोनकीनं खाजवून खाजवून शेपटी सोलून काढली होती. तिला धड बसता येत नव्हतं. खेळणं तर लांबच.

शांतवन म्हणाला, "आजी, ही खरूज आहे. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं रोज धुतली की जाते."

"मग धू की."

"इथं कडुनिंब नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

शांतवननं पत्र लिहिलं. त्या जंगलाचं टपाल करकोचे नेत आणत. पत्र एवढंच होतं: "मी सुखरूप आहे. इथं खरजेची साथ आहे. कडुनिंबाचा पाला पाठवा. पोत्यात भरून चालेल."

पत्र भगिनी मंडळात वाचलं गेलं. मंडळाच्या अध्यक्षा होत्या रत्नमालाबाई म्हैस. अंगानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या. त्या म्हणाल्या, "पाला? आपला माणूस परदेशात, आणि आपण त्याला पाला पाठवायचा? तोही पोत्यात?"

एस्तेर शेळी कोपऱ्यातून म्हणाली, "बाई, पण त्यानं तेच मागितलंय."

"तू गप गं एस्तेर. मागणारा संकोचानं मागतो. देणाऱ्यानं मनानं द्यायचं असतं."

मग सगळ्या बाया कामाला लागल्या. चकल्या झाल्या, शंकरपाळी झाली, तीन तऱ्हेचा चिवडा झाला. प्रत्येकीनं आपापला स्टीलचा डबा काढला. डब्यावर नाव घातलेलं. 'सौ. रत्नमाला म्हैस'. 'सौ. सुगंधा ससे, लग्नाच्या वाढदिवसानिमित्त'. एस्तेरकडं नाव घातलेला डबा नव्हता, म्हणून तिला झाकणं पुसायला बसवलं.

करकोचे डबे घेऊन गेले. माकडांनी असला खाऊ जन्मात पाहिला नव्हता. खाजवत खाजवत खाल्ला. सोनकीनं चकली खाल्ली, हात शेपटीला पुसले आणि तिखट झोंबून दिवसभर केकाटत फिरली.

पाला नव्हता. शांतवननं सगळे डबे तळापर्यंत पाहिले.

आता पोरांनो, इथंच खरी गोष्ट आहे. तुमच्या आईनं शेजारणीला डब्यातून काही दिलं तर तो डबा रिकामा परत येतो का? नाही येत. शेजारीण त्यात काहीतरी घालून देते. मग तुमची आई म्हणते, "कशाला उगाच?" आणि आत काय आहे ते आधी बघते. शांतवन त्याच जंगलात वाढला होता. रिकामा डबा परत द्यायची त्याची छाती नव्हती.

पण बेटावर होतं काय? वाळू, नारळ आणि मीठ. त्यानं प्रत्येक डब्यात मूठभर मीठ घातलं आणि करकोच्यांना दिले.

जंगलात गोंधळ झाला.

"मीठ?" रत्नमालाबाई म्हणाल्या. "माझ्या चकलीत मीठ कमी होतं, असं म्हणायचंय का त्याला?"

"त्याच्याकडं दुसरं काही नसेल," एस्तेर म्हणाली.

"माझ्या डब्यातलं मीठ ओलंसुद्धा होतं," सुगंधा ससे म्हणाली आणि रडायला लागली.

पाळक अस्वलानं डोळे उघडले आणि शांतवनला एक प्रेमाचं पत्र लिहिलं. त्यात लिहिलं होतं की कृतज्ञता हा सेवकाचा अलंकार आहे. बायांनी मात्र त्याला क्षमा केली. क्षमा केली हे त्याला कळावं म्हणून पुढच्या वेळी दुप्पट डबे पाठवले.

शांतवननं डबे पाहिले आणि मटकन खाली बसला. करकोचे चार दिवस थांबून परत जायचे. चार दिवसांत एवढे डबे भरायचे म्हणजे खेळ नाही. त्यानं खाज असलेली, जखमा असलेली सगळी माकडं बोलावली आणि नारळ खोवायला बसवली. त्यानं बेटावर एक दवाखाना आणि एक शाळा काढली होती. त्या चार दिवसांत दवाखाना बंद. शाळा बंद. सोनकीच्या शेपटीला रोज समुद्राच्या पाण्याची पट्टी बांधायचा, तीही बंद.

तान्हाआजी खोबरं खोवता खोवता म्हणाली, "अरे बाबा, तुमच्याकडं दुष्काळ पडलाय का रे?"

"नाही आजी. का?"

"मग ती लोकं दर खेपेला भांडी का पाठवतात?"

शांतवननं पुढचा नारळ फोडायला घेतला. याचं उत्तर आपल्याला तरी देता येईल का?

खोबऱ्याचा कीस जंगलात पोचला. तो मात्र फार आवडला. रत्नमालाबाईंनी त्याच्या वड्या केल्या आणि चार घरी वाटल्या. "आमच्या शांतवननं पाठवलंय," असं ज्याला त्याला सांगितलं. सुगंधा ससेच्या डब्यात बोटभर कीस कमी निघाला. तिनं दोन दिवस अन्न घेतलं नाही.

त्याच डब्यांबरोबर शांतवनचं पत्र होतं. "तुमचं प्रेम पावलं. हात जोडून विनंती आहे, आता डबे नकोत. फक्त पाला पाठवा."

रत्नमालाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले.

"बघा गं, किती सालस! नको म्हणतो. अगदी आपल्या वळणाचा आहे हो."

आपल्यात जेवायला बसलेला पाहुणा "नको, नको" म्हणाला की काय करतात? वाढतात. बायांनी तेच केलं. या खेपेला मंडळीत नसलेल्या बायांनीही डबे दिले. घारीनं दिला, तरसाच्या बायकोनं दिला. डब्यांवर नावं घालणारा सुतारपक्षी महिनाभर दुसरं कुणाचं काम घेईना.

एस्तेरनं या वेळी झाकणं पुसायचं फडकं खाली ठेवलं. ती उठली, जंगलाच्या कडेच्या कडुनिंबाखाली गेली आणि पाला ओरबाडायला लागली. तुम्ही शेळी पाहिली असेल. पोतंभर पाला समोर, आणि शेळीनं एक पान तोंडात घातलं नाही. त्या जंगलात तेवढा एकच उपास त्या वर्षी कुणी खरा केला. तिनं पोतं सुतळीनं शिवलं. त्याच्यावर नावबीव काही नव्हतं. शेवटच्या करकोच्याला म्हणाली, "बाबा, एवढं ने. आणि पोतं परत आणू नकोस."

बेटावर डब्यांचा ढीग पडला. ढिगाच्या बाजूला पोतं. शांतवननं पोतं उसवलं, आत तोंड घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

मग त्याच्या लक्षात आलं की पाला उकळायला भांडं नाही. माकडं हातानं खाणारी. बेटावर भांडी होती ती एवढीच. नाव घातलेली, परत करायची.

"आजी," तो म्हणाला, "पाला एकदा उकळून भागणार नाही. महिनाभर रोज उकळायला लागेल. डबे काळे पडतील. करकोचे चार दिवसांनी निघणार. म्हणजे डबे परत जाणार नाहीत."

"मग?"

"मग मला तिकडं तोंड दाखवता येणार नाही."

तान्हाआजीनं सोनकीला उचलून त्याच्यासमोर धरलं. शेपटीचं हाड दिसायला लागलं होतं. सोनकी आता खाजवतही नव्हती. नुसती कण्हत होती.

"तुझं तोंड मला दिसतंय," आजी म्हणाली. "तुला ही दिसते का बघ."

शांतवननं सगळ्यात मोठा डबा घेतला. त्यावर 'सौ. रत्नमाला म्हैस' असं होतं. त्यानं तीन दगड मांडले, जाळ केला आणि डबा चढवला.

करकोचे मोकळ्या चोचींनी परत गेले.

जंगलात आधी वाट पाहिली. मग काळजी वाटायला लागली.

"बरा असेल ना गं?" सुगंधा ससे म्हणाली.

"झाकण घट्ट आहे त्याचं," रत्नमालाबाई म्हणाल्या. "पडला तरी चेपायचा नाही."

शेवटी पाळक अस्वल आणि रत्नमालाबाई स्वतः तराफ्यावर बसून निघाले. तराफा सारखा एका बाजूला कलत होता. कोणत्या बाजूला, ते मी सांगणार नाही.

बेटावर उतरले तर समोर काय? रांगेत चुली पेटलेल्या. चुलींवर डबे. काळेकुट्ट. माकडांची पोरं झाडांवरून उड्या मारत होती आणि एकही खाजवत नव्हतं. सोनकी तेवढी खाली, एका डब्यात शेपूट बुडवून बसली होती. शेपटीवर नवी लव आली होती. ती तिनं उचलून पाहुण्यांना दाखवली.

रत्नमालाबाईंनी शेपटीकडं पाहिलं नाही. त्या डब्याकडं पाहत होत्या.

"हा माझा डबा आहे."

"हो बाई," शांतवन म्हणाला.

"माझ्या माहेरचा."

"हो बाई. चांगला जाड आहे. जाळ सोसतो."

"यात शेपूट आहे!"

"बरी होत आली, बाई. आणखी आठ दिवस."

"मी यात करंज्या ठेवत होते रे!" त्यांचा आवाज बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेला. "तुझ्यासाठी आम्ही काय नाही केलं? घाम गाळला, तळलं, भाजलं. आणि तू आमच्या डब्यांत खरूज धुतलीस?"

"मी पाला मागितला होता, बाई."

"बघा, उलट बोलतो!"

पाळक अस्वलानं रोग बरा झाला का, हे विचारायला तोंड उघडलं होतं. रत्नमालाबाईंनी नुसतं पाहिलं. त्यानं तोंड मिटलं.

"घेऊन जा बाई तुमची भांडी," तान्हाआजी म्हणाली. "घासून देते."

"खरजेचे डबे आता घरात घेऊ मी? राहू देत इथंच!" रत्नमालाबाई शांतवनकडं वळल्या. "आणि नीट ऐक. आजपासून मंडळीशी तुझा संबंध संपला. तुला यापुढं एक डबा येणार नाही. एकही नाही. चिवड्याचा दाणा येणार नाही. समजलं?"

शांतवनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं मान वर केली आणि असा ओरडला, असा ओरडला, की झाडावरचे नारळ पडले.

"आता पस्तावून काय उपयोग!" रत्नमालाबाई म्हणाल्या आणि तराफ्यावर जाऊन बसल्या.

सोनकी बरी झाली. शाळा सुरू झाली. दर पावसाळ्यानंतर बेटावर एक पोतं येतं, त्यावर नाव नसतं. भगिनी मंडळानं दुसऱ्या बेटावर एक नवा सेवक शोधला आहे, एक साळिंदर. त्याचं परवाच पत्र आलं की मला काही नको. बाया चकलीची भाजणी दळायला गेल्या आहेत.

तात्पर्य हवंच असेल तर ऐका. परदेशी सेवा करणाऱ्याला भलतंसलतं पाठवू नये, असं मी सांगेन असं तुम्हाला वाटलं ना? चूक. मन भरून पाठवा. मग एकदा त्याच्याशी कडाकडा भांडा आणि कायमचे रुसून बसा, म्हणजे त्या बिचाऱ्याला सेवा करायला वेळ मिळेल.