चांदीची केबल आणि वहिनींची खरखर

सोमवारी कामावर पोचल्या पोचल्या त्याने हेडफोनची जुनी केबल काढली आणि नवी जोडली. नवी म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तारांची, वरून विणलेलं वेष्टन असलेली, करंगळीएवढी जाड. ती हेडफोनपेक्षा महाग होती. त्यामुळे हेडफोनला केबल लावलीय की केबलला हेडफोन, हे सांगणं अवघड होतं.

त्याचं काम ऐकण्याचं. बोलकी पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत त्याच्या वहिनी काचेच्या खोलीत बसून पुस्तकं वाचायच्या आणि काचेच्या अलीकडे बसून तो त्यातल्या चुका टिपायचा. नोकरी वहिनींनीच लावून दिली होती. "हा घरात कुणाचं म्हणून ऐकत नाही," अशी आईने तक्रार केली, तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या होत्या, "मग पगार देऊन ऐकायला लावू."

आजवर वहिनींच्या वाट्याला वॉशिंग मशीनची माहितीपुस्तकं आली होती. आता पहिल्यांदाच कादंबरी मिळाली होती. सगळी वाचूनही झाली होती. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत त्याने तपासणीच्या कागदावर सही केली, की पुस्तक वहिनींच्या आवाजात बाहेर पडणार. नाही केली, तर दुसऱ्या वाचिकेकडे जाणार.

त्याने पहिलं प्रकरण लावलं आणि दुसऱ्याच वाक्याला थांबवलं.

"वहिनी, खरखर येतेय."

"कुठे?"

"सगळीकडे."

"गेल्या आठवड्यात तर छान म्हणालात, भावजी."

"गेल्या आठवड्यात जुनी केबल होती. ती लपवत होती."

वहिनींनी घड्याळ काढून ठेवलं, कानातलं काढलं आणि प्रकरण पुन्हा वाचलं. खरखर होतीच. मग खुर्ची कुरकुरत असणार म्हणून खुर्ची बाहेर गेली आणि स्टूल आत आलं. मग पानं वाजत असणार म्हणून पुस्तक गेलं आणि वाचायला संगणकाचा पडदा आला. मंगळवारी कपड्यांचा संशय आला. बुधवारी वहिनी नवऱ्याचा दहा वर्षं धुऊन मऊ पडलेला सदरा घालून वाचायला बसल्या.

"आता?"

"कमी झाल्यासारखी वाटतेय," तो म्हणाला. डोळे मिटून, मान डोलावत त्याने आणखी थोडं ऐकलं. "नाही. वाढली. तुम्ही श्वास घेताय का?"

"सवय आहे हो लहानपणापासूनची."

"जरा कमी घेऊन बघा."

गुरुवारी दुपारपर्यंत त्याच्या वहीत चारशे बारा ठिकाणच्या खरखरींची नोंद झाली होती. वहिनींना वाईट वाटत होतं, हे त्याला दिसत होतं. पण वहिनींची पहिली कादंबरी खरखरीसकट बाहेर पडू द्यायची नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. माणसाने उपकार फेडावेत तर असे.

शुक्रवारी चार वाजता कंपनीच्या मॅडम आल्या. त्यांनी स्पीकरवर ते प्रकरण ऐकलं.

"मला काहीच ऐकू येत नाही."

"तुमच्या स्पीकरला नाही झेपणार ते," तो नम्रपणे म्हणाला.

"केबलने आवाज बदलत नसतो."

"बदलतो. डोळे बांधून सांगतो."

मॅडमनी त्यांच्या गळ्यातला रुमाल त्याच्या डोळ्यांवर बांधला. कधी जुनी, कधी नवी, असं दहा वेळा करायचं ठरलं. मॅडम केबल बदलत होत्या, वहिनी उत्तरं लिहून घेत होत्या आणि तो ताठ बसून, दर वेळी मान डोलावत, "जुनी", "नवी", "नवी" असं सांगत होता. दहापैकी दहा बरोबर आली. रुमाल सोडल्यावर त्याने फक्त वही मिटली. जिंकल्यावर फार बोलू नये असं त्याचं मत होतं.

"ओळखलंत कसं?" मॅडमनी विचारलं.

"नवीत खरखर स्वच्छ ऐकू येते."

"सातव्या वेळीही आली?"

"सातव्या वेळी तर सगळ्यात स्वच्छ. वहिनींचा आवाजही मध्ये नव्हता. दोन प्रकरणांच्या मधली शांतता लावली होतीत ना?"

"मी काहीच लावलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "बंद होतं ते."

वहिनी उठल्या. त्याच्या छातीवरून खाली गेलेली ती जाड केबल त्यांनी दोन बोटांत उचलली आणि त्याच्या शर्टाच्या बटणांवरून हळूच एकदा ओढली.

"खरखर," तो म्हणाला.

त्यांनी केबल शर्टापासून लांब धरली.

"गेली," तो म्हणाला.

मग त्याने मान खाली घालून आपल्या बटणांकडे बघितलं. तो ऐकताना मान डोलावत होता, केबल बटणांवर घासत होती आणि ते घासणं तारेतून थेट कानात चढत होतं. चारशे बारा वेळा.

"म्हणजे," तो म्हणाला, "केबलने फरक पडतो, एवढं तरी मान्य करा."

"सही करा," मॅडम म्हणाल्या. "ह्यांनी आधी वाचलं होतं, तेच जाईल. पावणेसहा झालेत."

त्याने पेन काढलं. "थांबा," वहिनी म्हणाल्या. "एवढा श्वास कशासाठी रोखला, ते मलाही ऐकू द्या." त्यांनी हेडफोन घातला, केबल छातीपासून लांब धरली आणि आठवडाभराच्या सरावाने दगडासारख्या निश्चल बसल्या. मिनिटभर त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग कपाळाला आठी पडली.

"भावजी, 'अंधार' म्हणताना माझा 'धा' किती पोकळ येतोय."

"नाही हो."

"येतोय. ह्यात सगळं ऐकू येतं. हे पान मी परत वाचते. पुढचंही वाचावं लागेल. मॅडम, सोमवारी दिलं तर चालेल?"

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे. सहाला दहा मिनिटं होती.

"वहिनी, एकदा जुन्या केबलवर ताडून बघू," तो म्हणाला. त्याने चांदीची केबल उपसून बाजूला ठेवली. जुनी उचलली, हेडफोनला नुसती टेकवली आणि ती पडू नये म्हणून एका हाताने धरून उभा राहिला.

"आता?"

वहिनींनी नीट ऐकलं. "आता काहीच ऐकू येत नाहीये, भावजी."

"बरोबर," तो म्हणाला आणि दुसऱ्या हाताने कागदावर सही केली. "एकही चूक राहिलेली नाही."