सातवा मणका

नागनाथअप्पा माणसाला थुंकी गिळल्याबद्दल शिव्या देतात. लातुरात आमच्या दवाखान्यात ते एक्स-रे काढतात आणि मी बाहेर नावं लिहून घेते. दिवसातून वीसदा दाराआडून ऐकू येतं, "गिळलास? हलला की फोटो! सकाळपासून गिळतच राहिलास, दोन मिनिटं दम न्हाई निघत?"

मानेचा फोटो म्हटला की अप्पांचा पारा चढलाच. सगळ्यात वरचे दोन मणके दिसायला तोंड उघडावं लागतं आणि लोक लाजून अर्धंच उघडतात. "बायकोवर वरडताना किती उघडतोस? तेवढं उघड!" एकदा एक म्हातारे गळ्यातलं लिंग काढीनात. अप्पा स्वतः लिंगायत. "काढू नका, पण माझ्या मणक्यावर बी ठेवू नका!" असं खेकसून त्यांनी दोरा सैल केला, लिंग म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं मिटवली.

त्या दिवशीचा राग मात्र निराळा होता. औशाकडचा एक माणूस सोयाबीनची पोती भरलेल्या टेम्पोवरून पडला होता. दोन मेव्हण्यांनी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून आणलं. मान लटपटत होती.

"पोतं बी दोरीनं बांधता की रे!" अप्पा दारातच गरजले. "ह्यो माणूस हाय! मान कोण धरणार हुतं?"

माणसाला आडवं केलं, मानेला पट्टा बांधला. पट्ट्यासकट बाजूने फोटो निघाला. नव्या डॉक्टरांनी तो पाहिला. "सरळ आहे सगळं. पट्टा काढा."

"साहेब, मणके मोजा."

"अप्पा, बाहेर गर्दी आहे."

"मोजा म्हणलं ना! सहाच हायत. सातवा खांद्याआड गेलाय. सहा बघून पट्टा कसा काढता?"

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी मोजले. मग म्हणाले, "पुन्हा काढा."

अप्पांनी मेव्हण्यांना पायाशी उभं केलं, एकेकाच्या हातात जखमी माणसाचं एकेक मनगट दिलं. "हळू खाली ओढा, खांदे उतरू द्या. झटका दिलात तर तुमच्या माना मोडीन!" दुसऱ्या फोटोत सातवा मणका दिसला. त्याच्यावरचा सहावा पुढे घसरला होता.

डॉक्टर फोटोवर बोट ठेवून मणके पुन्हा मोजू लागले. अप्पा आमच्या सगळ्यांवरच ओरडले, "बघत काय राहिलात? हलवा त्याला! पण हलू देऊ नका!"

ऑपरेशन झालं. हातपाय वाचले.

चौथ्या दिवशी खाली मशीन मोकळं आणि अप्पा गायब. मी शोधत वरच्या वॉर्डात गेले. तो माणूस उताणा, नजर पंख्यावर. खाटेशेजारी त्याची पाच-सहा वर्षांची लेक उभी. मान वळत नसल्यामुळे चार दिवसांत त्याला ती दिसलीच नव्हती, नुसता आवाज येत होता. अप्पा दाढीचा छोटा आरसा त्याच्या तोंडावर तिरका धरून उभे होते. "आता? न्हाई? गप पड, मी फिरवतो. आता?"

"व्हय," तो म्हणाला. "दात पडला की गं तुझा."

पोरगी आरशात बघून हसली. आरसा हलू नये म्हणून अप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला.

खाली सहा जण खोळंबले होते. मी अप्पांना हाक न मारताच परतले आणि कुरकुरणाऱ्या त्या सहा जणांवर, आयुष्यात पहिल्यांदाच, मी खेकसले.