भुईचाफ्याचा पाइंट

"आवं, लोटा घिऊन कुठं निघाले?" चांगुणाबाईंनी अंथरुणातूनच विचारलं.

"कुठं न्हाई. तोंड धून राहिलो."

"तोंड मोरीत धुत्यात. तुमी मागचं दार उघडून राहिले."

साहेबरावांना खोटं बोलता येत नसे, तरीही ते रोज पहाटे न चुकता बोलत. मग टॉवेलाखाली लोटा झाकून ते हळूच मागच्या कडुलिंबाखाली जात, इकडेतिकडे बघत आणि लोटाभर पाणी एका उघड्या, ओसाड, काहीही न उगवलेल्या जागेवर ओतून तिथेच बघत बसत.

हे कुणी पाहिलं तर काय होईल, याच्या नुसत्या कल्पनेनं त्यांना घाम फुटे. लातूर जिल्हा होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि नव्या जिल्ह्याचं स्वागत पावसानं तोंड फिरवून केलं होतं. साहेबराव राहत त्या सरकारी वसाहतीच्या नळाला आठ दिवसांतून एकदा करंगळीएवढी धार येई. आणि साहेबराव हे जिल्हा कचेरीच्या टंचाई शाखेतले वरिष्ठ लिपिक! कोणत्या गावाला टँकर, कुठे बोअर, कुठे हापसा, हे सगळे कागद त्यांच्या हाताखालून जात. "पाण्याचा प्रत्येक थेंब जपून वापरावा" हे परिपत्रकातलं वाक्य त्यांनी स्वतः रचलेलं होतं, आणि ते त्यांना मनापासून आवडतही असे.

पण त्यांचं दुसरं एक प्रेम जमिनीखाली होतं.

गेल्या वैशाखात चांगुणाबाईंच्या पुतणीच्या लग्नाला ते किनवटला गेले होते. लग्न लागलं, पण गाडीला अजून वेळ होता म्हणून वऱ्हाडातले वनरक्षक हणमंतराव त्यांना जंगल दाखवायला घेऊन गेले. सागाला एक पान नव्हतं, जमीन भाजून निघालेली, आणि त्या भाजलेल्या जमिनीतून थेट फूल वर आलेलं. पान नाही, देठ नाही. पांढरं, मध्ये जांभळी छटा, आणि वास असा की साहेबराव नव्या पँटीसकट गुडघ्यावर बसले. "भुईचाफा," हणमंतराव म्हणाले. "आमच्या रानातला." त्यांनी थोडं उकरून एक कांदा काढून दिला आणि सांगितलं, याला ऊन दाखवायचं नाही, दाट सावली पाहिजे, वर पालापाचोळा पाहिजे. ते आणखी काही सांगत होते, पण मुदखेडची गाडी सुटायची वेळ झाली आणि साहेबराव कांदा हातरुमालात बांधून स्टेशनकडे पळाले. अर्धं ऐकून निघून येण्याची त्यांची खोड जुनी होती. त्या खोडीपायी त्यांना शाळेत मार बसला होता आणि कचेरीत मेमो मिळाला होता.

जे अर्धं ऐकलं ते मात्र त्यांनी मनोभावे पाळलं. कडुलिंबाखालची सर्वांत दाट सावलीची जागा निवडली, माती चाळून घेतली, पाचोळा घातला. आषाढात चार पानं आली. रुंद, ठिपक्यांची, खालून जांभळी. साहेबराव रोज ती उलटी करून बघत. पण दिवाळीनंतर पानं पिवळी पडली आणि एके दिवशी मातीत मिळून गेली. दुसऱ्या कुणीही हात टेकले असते. साहेबरावांनी एका लोट्याचे दोन लोटे केले, एक पहाटे आणि एक रात्री. कुणाचा पाय पडू नये म्हणून भोवती सात दगड गोल मांडले आणि अंधारात दिसावेत म्हणून त्यांना चुना फासला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बोअर कुठे पाडायचा त्या पाइंटावर चुना लावलेले दगड मांडावेत, असं साहेबरावांनी त्या वर्षात किमान पन्नास गावांना कळवलं होतं. ते वाक्यही त्यांचंच होतं. पण ते त्यांना त्या वेळी आठवलं नाही.

शेजारच्या सरजाबाईंना मात्र सगळं दिसत होतं. त्यांची शेळी पहाटे सुटायची आणि तिच्या मागे त्या. त्यांनी तीन पहाटे साहेबरावांना बघितलं आणि चौथ्या दिवशी कचेरीतला शिपाई लिंबाजी, जो वसाहतीतच राहायचा, त्याला गाठलं.

"लिंबाजी, मोकळ्या जमिनीवर पानी वतून कामून राहिले रे ते?"

"वतून काय करत्यात?"

"बगत बसत्यात. लई येळ."

लिंबाजीनं दगड बघितले, चुना बघितला, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "आक्का, ही जमिनीखालचं पानी हुडकनाऱ्या पानाड्याची रीत हाय. पानी वतायचं आनि जिरतंय का र्‍हातंय ते बगायचं. साहेबराव पाइंट धरून बसलेत! टंचाई शाखेतला मानूस हाय, त्यान्ला म्हाईत नसंल तर कुनाला?"

"पर ते तर पानाड्यावर लई बोलले हुते जयंतीला."

बोलले होते हे खरंच. गेल्या आंबेडकर जयंतीला साहेबराव स्टेजवरून चाळीस मिनिटं अंधश्रद्धेवर बोलले आणि त्यातली पंधरा मिनिटं एकट्या पाणाड्यांना दिली होती. "हातात काडी धरून पाणी सापडत असतं, तर विज्ञान कशाला शिकायचं?" असं विचारून टाळ्याही घेतल्या होत्या.

"मंग? दुसऱ्याचा धंदा कमी केल्याबिगर आपला चालतो का?" लिंबाजी म्हणाला.

आठवड्याच्या आत सगळ्या वसाहतीला कळलं. पोरांना त्या बाजूला खेळायची बंदी झाली. सरजाबाईंनी शेळी दुसऱ्या खुंट्याला बांधली. कचेरीत अकाउंटंट शिवप्पा साहेबरावांच्या टेबलाशी वाकून कुजबुजले, "किती खोल हाय?"

साहेबराव दचकले. म्हणजे ह्यांना कळलं! आता लपवून काय उपयोग? "जास्त न्हाई," ते लाजून म्हणाले. "वरच हाय. पर कुनाला सांगू नका. इज्जतीचा सवाल हाय."

"तोंडातून शब्द निघनार न्हाई," असं म्हणून शिवप्पा उठले आणि दुपारच्या चहाला त्यांनी सगळ्या शाखेला सांगितलं.

चैत्र लागला तरी वर काही येईना. साहेबरावांनी न राहवून हणमंतरावांना कार्ड टाकलं. उत्तर एका शनिवारी संध्याकाळी आलं. त्यात लिहिलं होतं : "पाने वाळली म्हणजे झोप लागली असे समजावे. नंतर पावसाळ्यापर्यंत थेंबभरही पाणी घालू नये, कांदा कुजतो. हे मी त्याच वेळी सांगत होतो, पण आपण पळालात."

साहेबरावांनी कार्ड तीनदा वाचलं. पाच महिने, रोज दोन लोटे. लोकांच्या घागरी रिकाम्या असताना, बायकोशी खोटं बोलून, चोरासारखं जाऊन त्यांनी जे पाणी घातलं, त्याची गरजच नव्हती. नुसती गरज नव्हती असं नाही, ते विष होतं. आपल्याइतका मूर्ख माणूस नव्या जिल्ह्यात नाही आणि जुन्यातही नसावा, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. तरी एक आशा होती. कांद्याचा एखादा कोपरा धड असेल तर वैशाखात एखादं फूल येईल.

रविवारी पहाटे ते पहिल्यांदाच लोटा घेऊन बाहेर गेले नाहीत. सरजाबाई शेळी धरून वाट बघत राहिल्या. मग धावत लिंबाजीकडे गेल्या. "आज वतलं न्हाई!"

"मंग तपासनी संपली," लिंबाजी म्हणाला. "पाइंट पक्का झाला."

आणि त्याच दिवशी नऊच्या सुमाराला बोअरची गाडी धडधडत वसाहतीत शिरली. मंजुरीच्या यादीत वसाहतीचं नाव होतंच. ते साहेबरावांनीच घातलं होतं. ड्रायव्हर उदगीरकडचा मल्लिकार्जुन. त्यानं खिडकीतून विचारलं, "पाइंट कुठं हाय?" आणि तीस हात एकदम कडुलिंबाकडे वळले.

साहेबराव दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते बनियनवर धावत आले आणि दगडांच्या मध्ये उभे राहिले.

"थांबा! हितं पाइंट न्हाई. हितं फूल हाय!"

मल्लिकार्जुननं जमीन निरखली. "फूल कुठं हाय?"

"खाली हाय."

"वर कधी येनार?"

"वैशाखात. आलं तर."

"आनि ते रोजचं पानी?" सरजाबाई पुढे आल्या. "आमी आठ-आठ दिवस घागरीला तोंड लावून बसतो, आनि तुमी फुलाला पानी घालत हुते?"

हा तो क्षण होता, ज्याला साहेबराव पाच महिने भीत होते. इथे मान खाली घालून कबूल करायचं, मग वसाहत थुंकेल आणि कचेरी चौकशी लावेल. पण कांदा वाचेल. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हाव. घालत हुतो. चुकलो मी."

लिंबाजी मोठ्यानं हसला. "आक्का, तुमी बी काय! एवढा शिकलेला मानूस, टंचाई शाखेतला, तो दुष्काळात न दिसनाऱ्या फुलाला पानी घालंल का? येडा हाय का तो? आवं, पाइंट मोठ्या साहेबाच्या बंगल्याकडं न्यायचा आसंल, म्हनून आपल्याला हितून हुसकून राहिले."

लोकांना ते ताबडतोब पटलं. इतका वेडा माणूस असूच शकत नाही, याची सगळ्यांना खात्री होती. चौघांनी साहेबरावांना अदबीनं उचलून बाजूला ठेवलं.

"नारळ?" मल्लिकार्जुननं विचारलं.

"आमच्यात नारळ फोडत न्हाईत," साहेबराव कसेबसे म्हणाले.

"बिगर नारळाचा पाइंट!" मल्लिकार्जुननं कानाच्या पाळ्या धरल्या. "लई पावरफुल मानूस दिसतोय."

यंत्र खाली उतरलं. पाचोळा उडाला, चाळलेली माती उडाली. चांगुणाबाई येऊन नवऱ्याशेजारी उभ्या राहिल्या.

"गेलं तुमचं फूल," त्या म्हणाल्या.

"तुला म्हाईत हुतं?"

"लोटा रोज रिकामा येतो, ते काय मला दिसत न्हाई? मला सांगितलं आसतं तर भांडी धुतलेलं पानी दिलं आसतं. चोरून कामून न्यायचं?"

साहेबरावांना एकदम रडू आलं. साबण लागलेल्या गालावरून पाणी ओघळलं आणि लोकांनी ते आनंदाश्रू समजले.

एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. राखाडी चिखल उसळला आणि सगळी वसाहत त्याखाली नाचली. सरजाबाईंनी साहेबरावांच्या पायावर डोकं ठेवलं. ते मागे सरकले तर त्या पुढे सरकल्या. अखेर ते पत्र्याच्या भिंतीला टेकले आणि त्यांना पाया पडू द्यावं लागलं.

मंगळवारी त्यांना मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. साहेबरावांनी सगळं लेखी लिहून नेलं होतं : मला भूजलातलं काही कळत नाही, मी पाणाडी नाही, मी अपराधी आहे, सोबत वनरक्षकांचे कार्ड जोडले आहे. साहेबांनी वाचलं आणि कागद परत दिला. "विनय चांगला आहे. उद्या जीपनं रेणापूरकडे जा. तिथे तीन बोअर कोरडे गेलेत. लोक तुमचंच नाव घेतायत."

रेणापूरजवळच्या त्या गावात चिंचेखाली दोनशे माणसं बसली होती. साहेबरावांनी ठरवलं होतं, आता काही झालं तरी खरं सांगायचं. ते उभे राहिले आणि किनवटच्या लग्नापासून सगळं बोलले. कांदा, सावली, लोटे, खोटं बोलणं, कार्ड, चूक. जयंतीचं भाषण पुन्हा एकदा केलं. "मला पाण्यातलं काहीसुद्धा कळत नाही," असं तीनदा म्हणाले. लोकांनी सगळं हात जोडून ऐकलं. म्हाताऱ्या बायका माना डोलावत होत्या.

सरपंच भुजंगराव उठले. "समदं समजलं साहेब. तुमी फुलाचं बगा. पान्याचं आमी बगतो."

मग गर्दीतून गुणाबाई नावाची एक म्हातारी आली. तिच्या हातात भरलेला तांब्या होता. सकाळच्या टँकरला चार तास रांगेत उभं राहून तिनं ते पाणी आणलं होतं.

"वता बाबा," तांब्या त्यांच्या हातात देत ती म्हणाली. "जिथं मन म्हनंल तिथं वता."

साहेबरावांनी तांब्या परत द्यायला हात पुढे केला. तिनं हात मागे घेतले. कोरड्या जमिनीवर ते पाणी ओतायची त्यांची छाती होईना, आणि दोनशे डोळ्यांच्या जोड्या त्यांच्या हाताकडे लागलेल्या. आता करावं तरी काय? उन्हानं त्यांचा घसाही कोरडा पडला होता. त्यांनी उभ्या उभ्या, एका दमात, सगळं पाणी पिऊन टाकलं.

तोंड पुसून त्यांनी खाली पाहिलं, तर त्यांच्या दोन पायांच्या मध्ये सरपंचांनी चुन्याची फुली मारली होती.