मुरुमातील खुंटीची मोहीम

श्रीसिद्धेश्वर कृपावंत. सुभे सोलापूर, परगणे मोहोळ येथील एका गावी ऐन वैशाखात जे रण माजले, त्याची हकीकत घडली तैसी लिहिली असे. ज्यांस हसू आवरेना त्यांनी तोंडास पदर लावोन हसावे.

त्या गावी दूध थंड करावयाचे केंद्र उभे राहिले, परंतु वीज नाही. आणि वीज मिळावी तर पुरलेल्या अर्थिंगचा रोध पाच ओहमांखाली आहे हे वीजखात्याचे तपासनीस सिद्धलिंगप्पा यांस डोळ्यांदेखत दाखवावे. आणि तोवर शेजारच्या गोठेवाल्या गोजरबाईंचे सांजेचे दूध सकाळपर्यंत नासावे, ऐसा पेच पडला. सबब ठेकेदाराच्या अभियंता अंकिताबाईसाहेब, वय कोवळे, पहिलीच स्वतंत्र मोहीम, मीटर, तारा आणि लोखंडी खुंट्या घेऊन वायरमन भीमा यांसह जातीने दाखल जाहल्या.

मग रोध मोजावयास खुंट्या मुरुमात ठोकल्या, दूरची गोजरबाईंच्या गोठ्यामागे पडली, आणि बटण दाबले तो मीटर आकडाच देईना. कोरड्या मुरुमातील ही दूरची खुंटी विजेस वाट देईना, तीस पाणी पाजणे प्राप्त जाहले. बाईसाहेबांनी आपली बाटली रिती केली, ती भुईने गटकन गिळली. मग गोजरबाईंकडे घागरभर पाण्याची अर्जी गेली; परंतु टँकर फिरकला नव्हता, सबब तेथून फर्मान आले की माणसास प्यावयास नाही, खिळ्यास कुठले? इकडे सिद्धलिंगप्पांनी फर्मावले की चहा संपेतो आकडा न दिसल्यास तारीख पुढील महिन्याची. बाईसाहेबांचा धीर सुटला आणि डोळ्यांत पाणी आले, परंतु तेवढे खुंटीस पुरते ना.

तशात पाहतात तो दूरच्या खुंटीस म्हैस बांधोन गोजरबाई खुशाल धार काढीत बसलेल्या! बाईसाहेब धावल्या आणि बहुत रागे भरल्या. गोजरबाई हात न थांबविता बोलिल्या, “मोकळी खुंटी दिसल्यावर म्हस बांधायची न्हाय तर काय करायचं, म्याडम? तुमीच रिकामी ठिवली हुती की.”

बाईसाहेब दावे सोडू जातात तोच म्हशीने शेपूट उचलोन खुंटीवर ऐसा अभिषेक केला की मुरुम चिंब जाहला. गोजरबाईंनी बादली तेवढी वाचविली. बाईसाहेबांनी नाक धरिले, परंतु खुंटीची तहान भागल्याचे उमगताच म्हैस बाजूस करविली आणि ओरडल्या, “भीमाकाका, दाबा बटण.”

मीटर वदला, दोन पूर्णांक आठ.

सिद्धलिंगप्पांनी शेवटचा घोट राखोन निवाडा दिला की खुंटी ओली असावी इतकेच शास्त्र सांगते, ओली कोणी करावी याविषयी शास्त्र मौन धरते, वीज मंजूर.

येणेप्रमाणे केंद्र सुरू जाहले, गोजरबाईंचे दूध गार पडले आणि अंकिताबाईसाहेबांची फत्ते जाहली. मात्र तहात खुंटी परत मिळाली नाही, तीस म्हैस सरावली होती. सबब सोलापुरास ठेकेदाराकडे सामान जमा करतेवेळी बाईसाहेबांनी सांगितले की खुंटी एक, रणांगणी कामास आली. म्हैस सुखरूप आहे.