झमकूयाडीचे बावन्न मुक्काम

माणसाने ढोरांच्या दवाखान्यातलं औषध स्वतःच प्यावं, असं माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच घडलं. बाई साठीच्या पुढची. घागऱ्याला जितके आरसे, तितकीच ठिगळं. मागे तीन कुत्री, रांगेत. त्यातल्या म्हाताऱ्या भुऱ्याला खोकला होता. मी औषधाची बाटली दिली, तर बाईने बूच काढून आधी आपणच दोन घोट घेतले.

मी ओरडलो, "अहो बाई, ते कुत्र्याचं आहे!"

"मलेबी खोकला हाय, भिया," ती तोंड पुसत म्हणाली. "त्याले चालते तं मले काहून नाई?"

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बाई ठणठणीत हजर, कुत्रा मात्र खोकतच होता. "त्याच्या वाटचं मी पेली ना," असं कारण तिनेच सांगितलं.

ही झमकू राठोड. पुसदपासून दोन कोसांवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात राहायची. सगळे तिला याडी म्हणत; त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई, आणि भिया म्हणजे भाऊ. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा, हरचंद, जाऊन सहा वर्षं झाली होती. मी दवाखान्यात कंपाउंडर. कामांची यादी करायची, झालं की बरोबरची खूण, राहिलं की उद्याच्या पानावर, हा माझा खाक्या. याडी कुठल्याच पानावर बसेना. आठवड्यातून तीनदा ती काही ना काही निमित्त काढून यायची. लिंबाखाली बसायची, कुत्र्यांना ढोरांच्या हौदातलं पाणी पाजायची. मी काम करता करता वैतागून म्हणायचो, "आलीस का, याडी?" त्यावर ती खूश होऊन म्हणायची, "आली ना!"

तिच्या घरी पहिली भाकर कुत्र्याची. पाहुणा आला तरी आधी कुत्रा. एकदा तिच्या पुतण्यासमोर, देवसिंगसमोर, तिने माझ्याही आधी भुऱ्याला वाढलं. देवसिंग शरमला. याडी शांतपणे म्हणाली, "रातभर मालाची राखन कोन करते? तू का कंपोंडर?" माल म्हणजे घरात एक कांबळं आणि दोन मडकी होती. पण तिच्या मनातून बैलांवर लादलेल्या मिठाच्या गोण्या अजून उतरल्या नव्हत्या.

बंजारे पूर्वी मीठ-धान्य वाहायचे. मारवाडच्या वाळवंटातून इकडे वऱ्हाडात येताना वाटेत कुठे थांबायचं, पाणी कुठे, चारा कुठे, याचं एक गाणं हरचंदच्या घराण्यात चालत आलं होतं. बावन्न मुक्कामांच्या बावन्न ओळी. हरचंद गेल्यावर ते फक्त याडीला येत होतं. पहिली ओळ एका विहिरीची, म्हणजे बावडीची: सात पायऱ्यांची बावडी, तिच्या तोंडाशी दगडाचा कुत्रा, पाणी गोड.

देवसिंगला हसू आवरायचं नाही. त्याच्याकडे कपाशीची सहा एकर जमीन होती आणि नवं कौलारू घर. "दगडाचा कुत्रा म्हने! बुढ्यानं नशेत रचलं असन, काकी. आता मीठ रेल्वेनं येते. गाणं कायले पायजे?"

यावर याडी काही बोलली नाही. तिचं न बोलणं धोक्याचं असतं, हे मला दिवाळीनंतर कळलं.

आमच्या दवाखान्याच्या पाटीवरच्या राज्याचं नाव नुकतंच बदललं होतं. पेंटर शिडीवर, मी खाली शुद्धलेखन सांगतोय, आणि समोर येऊन उभी राहिली याडीची बैलगाडी. गाडीत पळसाच्या पत्रावळींचे गठ्ठे, छपराएवढे उंच. वर बाकीची दोन कुत्री, मोत्या आणि काळी, खाली भुऱ्या.

"मारवाडले जाऊन राह्यली," याडी म्हणाली. जणू बाजाराला निघाली होती.

माझ्या हातातला कागद पडला. "कोणाबरोबर?"

"तांडा हाय ना."

"कुठे आहे तांडा?"

तिने बोटांवर मोजलं. "मी, दोन बैल, तीन कुत्रे. सहा जन झालो. तांडा नाई तं काय?"

"आणि या पत्रावळी?"

"तांडा रिकामा निघत नसते, भिया. रेतीत झाडाले पानं कुठं? लोक जेवत कशात असतीन बिचारे!"

मी तिथल्या तिथे चोवीस कलमांची यादी केली: कंदील, वंगण, दोर, बैलांचे नाल, विंचवाचं औषध. ती तिने भक्तिभावाने घेतली, घडी केली आणि गाडीच्या चाकाच्या कण्यात खिट्टी सैल होती तिथे ठोकून बसवली. "कामी आली," म्हणाली.

मी शेवटचं सांगून पाहिलं. "याडी, भुऱ्याला तरी ठेवून जा. हा बारा वर्षांचा आहे. परत येणार नाही."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "हरचंदनं हातावर वाढवला त्याले. दगडाचा कुत्रा खोटा निघाला, तं हरचंद खोटा निघते. हे भुऱ्यानंच पाहाले पायजे."

एक अडचण तिच्या ध्यानात आली नव्हती. ती मी विचारली. गाणं मारवाडहून इकडे येतं, तू इकडून तिकडे चाललीस; मग उलटं म्हणशील का? याडीने कानांना हात लावले. गाणं उलटं म्हटलं की तांडा वाट चुकतो, असा त्यांचा समज. मग तोडगा असा निघाला की रोज पहाटे पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची आणि आजच्या मुक्कामापर्यंत म्हणत यायचं; त्याच्या आधीची ओळ कोणती ते कळलं की तिकडे गाडी हाकायची. म्हणजे पहिल्या दिवशी बावन्न ओळी, दुसऱ्या दिवशी एक्कावन्न. "तिकडं पोचता पोचता गाणं हलकं होईन," ती म्हणाली आणि निघाली. पेंटर शिडीवरून उतरायचाच विसरला.

होळी आली आणि गेली. तांड्यात फाग गायले, पण देवसिंग तिथून उठून माझ्याकडे आला. "मी हासलो नसतो तं ते गेली नसती," मला म्हणाला. मग मारवाडातल्या, नागौरकडच्या कुठल्याशा गावातून एका मास्तराचं हिंदी पोस्टकार्ड आलं. मजकूर असा: आपल्या मातोश्री सुखरूप पोचल्या. त्यांनी गावातल्या एका लग्नात पत्रावळी वाटल्या. उंटांनी निम्म्या खाल्ल्या. सध्या त्या आमच्या कोरड्या बावडीशी भांडत आहेत.

मी तीनदा वाचलं. आपल्या मातोश्री! पत्ता माझा होता.

अक्षय्यतृतीयेच्या सुमारास, भर दुपारी, दवाखान्यापुढे गाडी थांबली. बैल हडकलेले. याडी उन्हाने काळी पडलेली, गाडीत मिठाच्या गोण्या. मी सवयीने कुत्री मोजली. एक, दोन. पुन्हा मोजलं. दोनच.

तोंडातून निघालं ते नेहमीचंच. "आलीस का, याडी?"

"आली ना," ती म्हणाली, पण या वेळी हसली नाही. लिंबाखाली बसली.

"बावडी होती. पायऱ्या सातच. पानी नव्हतं, निरी रेती. म्या तिले लय बोलली, गानं खोटं पाडते म्हनून. मंग भुऱ्या तोंडापाशी उकरत बसला. पायानं रेती काढे अन् हुंगे. म्याबी हातानं काढली. दगडाचा कुत्रा निघाला, भिया. नाक घासून गेलतं त्याचं. येनाऱ्या-जानाऱ्यानं हात फिरवून फिरवून." ती थांबली. "भुऱ्या त्याच्यापुढं बसला. सकाळी उठलाच नाई. तिथंच ठेवला त्याले, जोडीनं."

मी फुलस्केप कागद घेतला आणि म्हटलं, "गाणं सांग. उतरवून घेतो." तिलाही तेच हवं होतं. ती ओळ म्हणायची, मी आकडा घालून लिहायचो. पहिल्या ओळीत तिने बदल सांगितला: दगडाचा कुत्रा, शेजारी भुऱ्या. पूर्ण वाट चाललेल्याला गाण्यात भर घालायचा हक्क असतो म्हणे. बावन्न झाल्यावर मी खाली रेघ मारली.

"रेघ काहून मारली? अजून एक हाय."

"बावन्नच होत्या ना?"

"इतके मुक्काम झाले, जातानी अन् येतानी. कुठंच कोनी इचारलं नाई, आलीस का म्हनून." ती काळीच्या कानाशी चाळा करत होती. "लिही. पुसदचा दवाखाना, लिंबाची सावली, आलीस का इचारते, पानी गोड."

मी रेघ खोडून त्रेपन्न आकडा घातला. सावलीपर्यंत लिहिलं, विचारण्यापर्यंत लिहिलं; पाणी राहिलं. मग पेन्सिल खाली ठेवून बादली उचलली. वैशाखाचे दिवस होते, आणि हौद सकाळपासून कोरडा पडला होता.