छप्पन्नाव्या नियमापर्यंत

जे समजते ते कोणत्याही क्षणी निसटू शकते. जे पाठ होते ते मरेपर्यंत पाठ सोडत नाही. म्हणून शहाण्या शाळा समजण्याची जोखीम घेत नाहीत.

नव्या बाईंच्या शाळेत इंग्रजी व्याकरणाचे छप्पन्न नियम होते. मुलींनी ते उभ्याने, एका सुरात म्हणायचे, आणि प्रत्येक नियमाआधी त्याचा लॅटिन जोडीदार म्हणायचा. (लॅटिन कशाला, असे बाईंनी पहिल्याच दिवशी विचारले. हेडमास्तर म्हणाले, "बाई, दात दुखत असताना पायावर धोंडा पडला, तर दात आठवतो का?" इंग्रजी सोपे वाटणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे शंभर टक्के होते.) पद्धतीत उणीव अशी नव्हतीच. फक्त कोणत्याही नियमाकडे जायला पहिल्यापासून निघावे लागे. मध्येच कोणी टोकले, की पुन्हा पहिला.

बाई पदार्थविज्ञान शिकून आलेल्या. त्यांनी घड्याळ लावून मोजले होते. एका जोडीला बारा सेकंद. छप्पन्नांना अकरा मिनिटे बारा सेकंद.

वर्षअखेरीस तपासनीस आले. त्यांच्या शेऱ्यावर बाईंची नोकरी कायम व्हायची होती. "पाठांतरात खंड पडला की नोकरीतही पडतो हं," असे हेडमास्तर आदल्या दिवशी प्रेमाने सांगून गेले होते. थंडी कडक होती. तपासनीस शेगडीकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांच्या लांब कोटाच्या टोकाने पेट घेतला.

हे पाहिले पहिल्या बाकावरच्या टिटवीने. तपासनीसांशी इंग्रजीतच बोलायचे असा हुकूम होता, आणि धोक्याची सूचना देण्याचे वाक्य छप्पन्नाव्या नियमाखाली होते. टिटवी हुशार मुलगी. तिने क्षणही न दवडता पहिला नियम सुरू केला. सवयीने सगळा वर्ग तिला मिळाला. तपासनीसांनी तृप्त होऊन डोळे मिटले.

बाईंनी हिशेब केला. कोट साडेचार वीत, आग मिनिटाला पाऊण वीत. म्हणजे तिसाव्या नियमाला कॉलर.

दारातून हेडमास्तर कुजबुजले, "बाई, काही जळतंय का?"

"साहेब जळताहेत."

"कितवा चाललाय?"

"नववा."

"मग चालू द्या. सूर छान लागलाय."

बाराव्या नियमाला बाईंनी पिण्याच्या पाण्याची कळशी उचलली आणि मुलींबरोबर खणखणीत आवाजात नियम म्हणत म्हणत ती तपासनीसांच्या पाठीवर रिकामी केली. कोणी थांबले नाही. तपासनीसही ठिबकत्या कोटानिशी शेवटपर्यंत उभे राहिले. छप्पन्नाव्याला टिटवीने शुद्ध इंग्रजीत त्यांना सावध केले. त्यांनी तिचे आभार मानले.

शेरा असा: "उच्चार स्पष्ट. पाणी ओततानाही खंड नाही. बाईंना कायम करावे."

यावर हसलेल्या वाचकांनी सतरा आठे किती, ते सांगावे. सतरा एके सतरापासून न निघता.

सावकाश सांगा. ओठ हलताना दिसताहेत.